वडिलांचा व्यवसाय

अबुधाबी
रविवार, ३१ ऑगस्ट २००३

ही डायरी एका औषध कंपनीची आहे, साधनाला हॉस्पिटलात मिळालेली. प्रत्येक पानाच्या तळाशी ॲसिडिटीच्या गोळीची जाहिरात. मी कंपनीत स्टोअर्स बघत होतो तेव्हा जानेवारीत सप्लायर लोकांच्या आठ-आठ डायऱ्या टेबलावर येऊन पडत आणि मी त्या इतरांना वाटत असे. आता ही एकच, आणि तीही बायकोच्या नावाने आलेली. आठ महिने कोरी होती. गणपतीचा दिवस बघून आज सुरुवात करतो.

इथल्या मराठी मंडळाचा गणपती यंदा उर्मिलावहिनींच्या फ्लॅटवर बसला. पंचाहत्तर मोदक नेले. सकाळी सहाला उकड काढायला घेतली होती, एकही फुटला नाही. ताट ठेवल्याबरोबर बायकांनी साधनाला घेरलं, ड्यूटी सांभाळून हे कसं जमतं म्हणून. "जमतं झालं," असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींच्या यजमानांशी इराकवर बोलत होतो. हे आमचं ठरलेलं आहे: मोदक साधनाचे म्हणायचे, आणि मी घरून 'कन्सल्टन्सी' करतो असं सांगायचं. वहिनी मात्र विचित्रच बाई. प्रसादाची प्लेट देताना मलाच विचारतात, "भावजी, यंदा तांदूळ कुठला होता हो?" म्हटलं, साधनाला विचारा, मला काय ठाऊक. त्या हसल्या आणि गेल्या.

ही डायरी कोणी वाचणार नाही, तेव्हा एकदा सरळ लिहून टाकतो. नव्व्याण्णव साली कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी मिळाली नाही. इथे नवऱ्याने बायकोला स्पॉन्सर करायचं असतं, म्हणजे तिचा व्हिसा आपल्या नोकरीवर काढायचा. उलटं करायचं तर बायको नर्स, डॉक्टर किंवा शिक्षिका तरी असावी लागते. साधना सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, म्हणून जमलं. तेव्हापासून माझ्या पासपोर्टात स्पॉन्सर म्हणून बायकोचं नाव आहे आणि खाली शिक्का, काम करण्यास परवानगी नाही. तो पासपोर्ट मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवतो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

ईश्वरीने आज जेवताना बॉम्ब टाकला. तिला दोन वर्षं इंग्लंडला जायचं आहे. वर्किंग हॉलिडे नावाचा व्हिसा असतो म्हणे, सतरा ते तीस वयाच्या मुलांसाठी. फिरायचं, आणि फिरता फिरता मिळेल ते काम करायचं. गेल्याच महिन्यात नियम सैल झाले आहेत, हे तिने इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदावर मला दाखवलं. पोरगी बावीस वर्षांची आहे, जन्म इथला, कॉलेज पुण्याचं, सध्या इथल्या एका नर्सरी शाळेत शिकवते. साठवलेले पैसे दाखवायचे, पालकांचे कागद जोडायचे आणि परत येणार हे वकिलातीतल्या साहेबांना पटवायचं, एवढंच आहे असं म्हणाली.

मी म्हटलं, दुसऱ्याच्या देशात जाऊन हॉटेलात कपबशा विसळायच्या, याला हॉलिडे म्हणतात का?

"सो व्हॉट, बाबा? घरी कोण विसळतं?"

बोलून गेली आणि लगेच पाण्याचा पेला ओढून घेतला. साधनाने आमटी वाढली. कप खरंच मीच विसळतो, पण तिने ते साधनासमोर म्हणायला नको होतं.

रविवार, ७ सप्टेंबर

दोन दिवस तोंड फुगवून बसलो, पण खरं सांगायचं तर मुलगी जिद्दीची आहे. तिने सगळं काढून ठेवलं आहे: लंडनमधल्या नर्सरी शाळांची यादी, राहायच्या जागा, कुठली म्युझियम फुकट, इथपर्यंत. म्हणाली, "बाबा, आय हॅव नेव्हर लिव्ह्ड एनीव्हेअर दॅट वॉज माय ओन आयडिया." अबुधाबी आमची आयडिया होती आणि पुणं मावशीची. हे खोटं नाही. साधनाने तर कधीच हो म्हणून टाकलं आहे, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

हो म्हणालो. तिने उठून माझ्या गळ्यात हात टाकले. असं तिने दहावीनंतर केलं नव्हतं.

रविवार, १४ सप्टेंबर

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. मंडळात कोणाचाही फॉर्म असो, मीच भरतो. स्टोअर्सचं अक्षर आहे, एकेक कॅपिटल लेटर चौकटीत बसतं, खाडाखोड नाही. ईश्वरी शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत होती. मग तिच्या शाळेतून फोन आला आणि ती आत गेली.

पुढचा रकाना होता, वडिलांचा व्यवसाय.

पेन टेकवून किती वेळ बसलो कोण जाणे. आतून तिचा आवाज येत होता, हसत होती. शेवटी लिहिलं, स्टोअर्स मॅनेजर. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. ती बाहेर आली, म्हणाली "डन?" आणि खाली सही करून टाकली. वाचलं नाही. माझ्या हातचा फॉर्म कोणी वाचत नाही, तपासायची गरजच नसते.

शनिवार, २० सप्टेंबर

नुसतं लिहून भागत नाही, कागद लागतो. म्हणून मुसफ्फाला, गॅरेज-वर्कशॉपच्या भागात, शौकतकडे गेलो. शौकत रत्नागिरीचा, आमच्याच कंपनीत एसीचा मेकॅनिक होता. कंपनी बंद पडल्यावर त्याने एका अरबाच्या नावावर एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आता पाच माणसं ठेवून आहे. तेव्हा तो माझ्या स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून सही केल्याशिवाय एक स्क्रू नेऊ शकत नसे. आज मी त्याच्या टेबलासमोर बसलो आणि म्हटलं, तुझ्या लेटरहेडवर एक पत्र हवंय, मी तुझ्याकडे मॅनेजर आहे असं.

त्याने चहा मागवला. बराच वेळ कपातच बघत होता.

"राजनशेट, तुमाला नाय कसा म्हणू? पन पोरीचा कागद हाय. भाभीचा पगाराचा सर्टिफिकेट आहे ना? गव्हर्मेंटचा आहे. त्याच्यापुढे माझा दुकान काय?"

म्हटलं, बाप असताना आईचा कागद पुढे करायचा हे बरं दिसत नाही. त्याने वाद घातला नाही. त्याच्या दुकानातल्या इद्रीसने पत्र टाइप केलं, शौकतने सही करून शिक्का मारला. निघताना म्हणाला, "यल्ला, चला, इन्शाल्ला होईल काम." पण दरवाज्यापर्यंत आला नाही. एरवी तो गाडीपर्यंत येतो.

घरी येऊन फाईल लावली. फॉर्मसारखीच तीही ईश्वरी उघडून बघणार नाही. माझं पत्र वर ठेवलं, साधनाचं सर्टिफिकेट त्याच्या खाली. माझ्या व्हिसाच्या पानाची झेरॉक्स फाईलमधून काढून ठेवली. आता फाईल रीतसर दिसते. चारचौघांच्या घरची फाईल असावी तशी.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज वकिलातीत मुलाखत होती. मी बाहेर गाडीत बसलो होतो. ईश्वरी पाऊण तासाने आली, दार ओढून घेतलं आणि एसी बंद केला. का बंद केला ते विचारायचं धाडस झालं नाही.

तिने जे सांगितलं ते असं. मुलाखत घेणारी बाई चांगली होती. परत येशील का, कुठे येशील, पुण्यात कोण आहे, हे सगळं नीट झालं. मग तिने विचारलं, वडील काय करतात? ईश्वरीने सांगितलं, ते घरी असतात, घर तेच बघतात, मला आईने स्पॉन्सर केलंय. बाईने फॉर्म फिरवून तिच्यापुढे धरला. नंतर शौकतचं पत्र. नंतर ईश्वरीचाच पासपोर्ट उघडला आणि स्पॉन्सरच्या नावावर बोट ठेवलं. तिथे साधनाचं नाव आहे. वडील मॅनेजर असतील तर इथे आईचं नाव कसं, एवढंच विचारलं.

पासपोर्ट! माझी झेरॉक्स मी फाईलमधून काढली, पण ईश्वरीच्या पासपोर्टातही तेच नाव आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं मी पावत्या आणि माल ताडून बघत होतो. दोन कागद एकमेकांशी जुळतात की नाही, हेच माझं काम होतं.

मी म्हटलं, तू जरा सांभाळून घ्यायला हवं होतंस.

ती समोर काचेकडे बघत राहिली. "बाबा, खाली माझी सही होती."

मी गाडी सुरू केली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

नकार आला. कारण एका ओळीत: जोडलेली कागदपत्रं खरी असल्याबद्दल समाधान नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण हा नकार नोंदलेला राहतो. पासपोर्टच्या एका पानावर तशी तारखेची खूण केली आहे. ईश्वरीचा पासपोर्ट तिने लहानपणापासून पुठ्ठ्याच्या कव्हरात जपला आहे.

साधना ड्यूटीवरून आली आणि बूट न काढताच विचारलं, काय झालं? मी ओट्याशी होतो. कांदा चिरत होतो, चिरतच राहिलो. ईश्वरी म्हणाली, "नथिंग मच, आई. बँक स्टेटमेंट कमी पडलं."

माझ्या मुलीने माझ्यासाठी आईशी खोटं बोलायचं, आणि मी कांद्याकडे बघत उभा राहायचं. भाजी खारट झाली. दोघींपैकी कोणीही तसं म्हणालं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ईश्वरी माझ्याशी बोलते, पण फक्त उत्तरं देते. चहा हवा? हो. शाळेत सोडू? नको, टॅक्सी घेईन. काल म्हणत होती की त्यांच्या शाळेतली हमीदा टीचर जानेवारीत लंडनला जाणार होती, दोघी मिळून खोली घेणार होत्या. आता हमीदाने दुसरी मुलगी शोधली आहे. हे तिने मला सांगितलं नाही, फोनवर बोलताना ऐकू आलं.

मी शौकतवर चिडून बघितलं. त्याने ठाम नाही म्हणायला हवं होतं, असं मनाशी दोन-तीनदा म्हटलं. पण ते टिकलं नाही. तो त्याच्या परीने नाहीच म्हणाला होता.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज साधनाला सुट्टी. मेथी निवडायला बसलो होतो. ती म्हणाली, मेट्रनला भेटून आले, नवीन सर्टिफिकेट मागितलंय, त्यात भत्तेही दाखवायला सांगितलेत. मी विचारलं कशाला? तर म्हणाली, "नर्सचा पगार म्हणून त्यांनी धरला नसेल हो. बाई माणूस सगळ्या घराची स्पॉन्सर, त्यांना वाटलं असेल काहीतरी गडबड आहे. माझ्यामुळे पोरीचं अडलं."

माझ्याने ऐकवेना. मेथीची जुडी हातात धरूनच सगळं सांगितलं. रकाना, शौकत, पत्र, तिचं सर्टिफिकेट खाली ठेवलं ते, ईश्वरी गाडीत काय म्हणाली ते.

निवडलेली पानं तिने एका बाजूला केली, काड्या कागदात गुंडाळल्या.

"चार वर्षं दर वर्षी मी तुमच्या व्हिसासाठी सही करते. रजा टाकून जाते, रांगेत बायकांच्यात मी एकटी असते जी नवऱ्याचे कागद घेऊन उभी असते. मला एकदाही कमीपणा वाटला नाही. माझ्या नावाची तुम्हाला एवढी लाज वाटते, हे मला आज कळलं."

मी म्हटलं, तुझ्या नावाची नाही गं, माझी मला वाटते. ती म्हणाली, कागदावर तर नाव माझंच झाकलंत ना? आणि पिशवी उचलून आत गेली.

या चार वर्षांत ती एकदाही मला 'तुम्ही घरी असता' असं टोचून बोललेली नाही. मी मात्र तिचं सरकारी सर्टिफिकेट एका एसीच्या दुकानाच्या पत्राखाली घातलं. मला स्वतःची किळस आली.

रविवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा अर्ज करायचं ठरलं. साधनाने ठरवलं. बरोबर माझा खुलासा जोडायचा, तोही माझ्या हस्ताक्षरात.

पहिला मसुदा दोन पानांचा झाला. कंपनी कशी बुडाली, पन्नाशीच्या माणसाला नोकरी का मिळत नाही, आमच्या समाजात पुरुषाकडून काय अपेक्षा असते, सगळं त्यात आलं. ईश्वरीने वाचला आणि परत दिला. "बाबा, धिस इज ऑल अबाउट यू." दुसरा दीड पानाचा, तिसरा एका पानाचा. चौथ्यात सहा ओळी उरल्या. मी १९९९पासून बेकार आहे. माझी पत्नी माझी आणि मुलीची स्पॉन्सर आहे. व्यवसायाच्या रकान्यात मी खोटं लिहिलं. ते पत्र मी एका मित्राला गळ घालून मिळवलं. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने मुलाखतीत सांगितलं तेच खरं आहे.

सहा ओळी लिहायला सगळी दुपार गेली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ लागली. नवीन फॉर्म मात्र ईश्वरीने स्वतः भरला. तिचं अक्षर वाकडं आहे, चौकटीबाहेर जातं. तो रकाना तिने कसा भरला ते मी बघितलं नाही आणि तिने दाखवलं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

या वेळी ईश्वरीने मला गाडीत बसू दिलं नाही. आत बाकावर बसलो, इस्त्रीचा शर्ट, टाय नाही. बाईऐवजी आज एक तरुण साहेब होता. वीस मिनिटांनी दार उघडून त्याने माझं नाव घेतलं.

ईश्वरी खुर्चीत होती. मी उभाच राहिलो. माझं पत्र त्याच्यापुढे होतं. त्याने विचारलं, हे तुम्ही लिहिलं? हो म्हटलं. मग विचारलं, तुम्ही सध्या काय करता?

घरी आरशासमोर मी वाक्य तयार केलं होतं, त्यात 'टेम्पररी' हा शब्द होता. तो गळून पडला. म्हणालो, मी घर बघतो, स्वयंपाक करतो, कमावते माझी बायको. कान इतके तापले की एसीचा आवाज ऐकू येईना. त्याने फॉर्मकडे नजर टाकली, मान हलवली आणि बारीक काहीतरी लिहिलं. लिहायला पाच सेकंद लागली असतील. मुलीला माहीत होतं का, विचारलं. नाही म्हटलं. थँक यू म्हणाला.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, मी काय करतो ते त्याला फॉर्मवर आधीच दिसलं होतं. ईश्वरीला विचारलं, काय लिहिलं होतंस? म्हणाली, "होममेकर. इतर मुलींच्या आईचं जसं लिहिलेलं असतं तसं." आणि गाडीत बसल्यावर एसी तिने स्वतः लावला.

बुधवार, २२ ऑक्टोबर

व्हिसा मिळाला. दोन वर्षांचा. कळल्यावर साधनाने वॉर्डातून फोन केला आणि रडली. मी शिरा केला. ईश्वरीने दोन वाट्या खाल्ल्या आणि हमीदाला फोन लावला. खोलीत तिसरीला जागा आहे का, हे विचारत होती. आहे.

शौकतला फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "खलास, राजनशेट. झाला ता झाला." मग म्हणाला, पुढच्या शुक्रवारी येतो, भाभीला सांगा. म्हणजे गाडीपर्यंत आल्यासारखंच झालं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

उद्या लक्ष्मीपूजन. उर्मिलावहिनींचा फोन, साधना आहे का, चकलीची भाजणी विचारायची होती. साधना ड्यूटीवर. एरवी मी 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करायला सांगतो' म्हणून ठेवला असता. आज म्हणालो, वहिनी, चकल्या मी करतो. मोदकही मीच करत होतो. मला नोकरी नाही, चार वर्षं झाली.



"भावजी, ते आम्हाला माहीत आहे."

कधीपासून विचारलं. म्हणाल्या, पहिल्या वर्षापासून. तुमची कंपनी बंद झाली ते ह्यांच्या ऑफिसात त्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्हाला आवडणार नाही म्हणून कोणी विषय काढला नाही. मंडळात तसं ठरलंच होतं. मग म्हणाल्या, भाजणीत पोहे किती घालता ते सांगा.

सांगितलं. फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिलो. म्हणजे साधनाभोवती जमणाऱ्या बायका, माझ्या कन्सल्टन्सीचं कार्ड कधीच न मागणारे त्यांचे नवरे, आणि तांदूळ कुठला म्हणून विचारणाऱ्या वहिनी. एवढी माणसं चार वर्षं मला सांभाळून घेत होती, आणि मी त्यांच्यापासून लपवण्यासाठी पोरीच्या सहीवर खोटं लिहिलं. ते पत्र कोणालाच नको होतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

पूजेनंतर वहिनींकडे सगळे जमले. ईश्वरीच्या पासपोर्टाभोवती गर्दी झाली, सगळ्यांना इंग्लंडचा व्हिसा बघायचा होता. पण ती तो कोणाच्या हातात देत नव्हती. स्वतःच उघडून धरत होती. आधी मला वाटलं, तेलकट हातांची भीती. मग दिसलं. व्हिसाच्या समोरच्याच पानावर त्या पहिल्या नकाराची खूण आहे आणि तिच्यावर तिचा अंगठा होता. कोणाकडेही वळली तरी अंगठा तिथेच. हसत होती, लंडनचं सांगत होती, आणि अंगठा हलत नव्हता.

ते तिला कोणी शिकवलं हे मी जाणतो.

मी चकल्यांचं ताट खाली ठेवलं. म्हटलं, ईश्वरी, अंगठा काढ. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, नको म्हणून. साधनाही बघत होती. मी जवळ जाऊन पासपोर्ट तिच्या हातातून घेतला आणि वहिनींच्या यजमानांसमोर धरला. म्हणालो, ही नकाराची खूण आहे, ती माझ्यामुळे पडली. मग फॉर्म, शौकतचं पत्र, साधनाचं झाकलेलं नाव, पोरीची सही, पहिल्यापासून सगळं सांगितलं. 

हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.